उशाखालची चप्पल

दिवेलागण झाली की रतनबाईंची दोन कामं ठरलेली. तुळशीपुढं पणती लावायची, हात जोडायचे, आणि त्याच हातांनी दारातली एक जुनी चामड्याची चप्पल उचलून आत जायचं. पोराच्या खोलीत गादी झटकायची, उशी सारखी करायची, चप्पल उशाखाली सरकवायची आणि वरून चादर ताणून घ्यायची. पणतीचं तेल बोटांना तसंच असायचं. ते मग चपलेलाही लागायचं. वर्षानुवर्षांच्या तेलानं ती चप्पल देवघरातल्या पाटासारखी काळी तुकतुकीत झाली होती.

स्नेहल लग्न होऊन नवलाख उंबरे गावातल्या या घरात आली तेव्हा तिला वाटलं, नजरेसाठी असेल. तिच्या माहेरी टाकव्याला बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवत. इथं नव्या जोडप्याच्या उशाशी चप्पल ठेवत असतील. गाव बदललं की रीत बदलते, आणि नव्या नवरीनं विचारायचं नसतं. एवढी एकच गोष्ट माहेरच्यांनी तिला पक्की शिकवून पाठवली होती.

चपलेचं खरं काम तिला पहिल्याच आठवड्यात कळलं.

पहाटेची वेळ होती. लोखंडी पलंग खडखडायला लागला म्हणून ती जागी झाली. शेजारी सत्यमचं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं, आणि त्याच्या घशातून असा आवाज येत होता की आधी तिला वाटलं गोठ्यातलं जनावर आत शिरलं. मग तो आचके द्यायला लागला. तिनं घाबरून त्याला मिठी मारली, तशा तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या फुटल्या आणि काच त्याच्या गालात गेली. ती किंचाळणार, तोच दार उघडलं. दाराला आतून कडी नव्हती. कडी कधी नव्हतीच असं तिला वाटायचं. पुढं एकदा तिला चौकटीवर स्क्रूची ताजी भोकं दिसली. लग्नाच्या आधी कुणीतरी ती काढून ठेवली होती.

रतनबाई अंधारात आल्या, पण चाचपडल्या नाहीत. हात सरळ उशाखाली गेला. चप्पल निघाली आणि पोराच्या नाकातोंडावर दाबली गेली.

"वरडू नको," त्या सुनेला म्हणाल्या. "शेजारी भितीला कान लावून असत्यात."

मागून सासरे सोपानराव आले. त्यांच्या हातात चमचा होता. तो त्यांनी दांडीकडून पोराच्या दातांत खुपसला. दाताचा टवका उडालेला स्नेहलनं ऐकला. हो, ऐकला.

थोड्या वेळानं सगळं थांबलं. सत्यम घोरायला लागला, अंथरूण ओलं झालं होतं. रतनबाईंनी उजाडायच्या आत चादर धुतली आणि दोरीवर एका लुगड्याखाली दडवून वाळत टाकली. मग सुनेपुढं चहाचा कप ठेवून त्या बसल्या आणि ठेवणीतल्या मायेनं म्हणाल्या, "रातचं हाय ते. रातच्याला येतं, रातच्याला जातं. दिसाचा पोरगा हिऱ्यावानी हाय का न्हाई? कंपनीत हाय, दारू न्हाई, तंबाकू न्हाई. रातचं रातच्याला ठिवायचं, बाई. दिसाला त्याचं तोंड दावायचं न्हाई."

त्या घरात त्या आजाराला नावच नव्हतं. फिट म्हणायचं नाही, फेफरं म्हणायचं नाही. नुसतं 'रातचं'.

सत्यम उठला तेव्हा त्याची जीभ चिरलेली होती. त्याला चहा पिता येईना. बायकोच्या डोळ्यांत बघून तो चाचरत म्हणाला, "तुला म्हाईत न्हवतं?"

"मला कोण सांगणार?"

"मला तर म्हणले, भिमाजीमामांनी तुमच्या घरी सगळं सांगितलंय. पोरगी तयार हाय म्हणले." त्यानं चहाचा कप बाजूला सारला. "गोळ्या खात व्हतो मी. रोज रातच्याला एक. गोळीवर व्हतो तवर रातचं एकदाबी आलं न्हाई. घाणा भरायच्या दिवशी आईनं बंद केल्या. म्हणली, नवरी बघंल."

काय अक्कल आहे बघा! जी गोळी पोराला माणसासारखं झोपू देत होती ती बंद करायची, म्हणजे नवरीला कळणार नाही की पोरगा आजारी आहे. औषध लपवायचं आणि रोगाला पलंगावर निजवायचं. आणि हे करणारी माणसं राक्षस नव्हती. तीच माणसं एकादशी धरत होती, भिकाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवत नव्हती, आणि गावात कुणाच्या मयताला सगळ्यात आधी पोचत होती.

भिमाजी म्हणजे स्नेहलच्या आईचा चुलतभाऊ. अख्ख्या मावळात सोयरिकी जुळवत फिरणारा माणूस. कपाळाला बुक्का, खिशात पंचांग. म्हणून स्नेहल त्याच आठवड्यात टाकव्याला गेली. आई, शालन, भाकरी थापत होती.

"आई, त्यांना फिट येतात. झोपेत."

शालननं मान वर केली नाही. पिठावर हात फिरवत राहिली. "मामा बोलला व्हता जरासं."

"जरासं?"

"रातच्याला अंग कापतं म्हणला. म्या इचारलं, दिसाचं काय न्हाई ना? न्हाई म्हणला. मग झालं की. जगाला काय रातचं दिसतंय व्हय?" भाकरी तव्यावर पडली. "लोकांच्या पोरी दारुड्यांच्या गळ्यात बांदल्यात. तुजा तर पीत बी न्हाई."

तव्यावरच्या भाकरीचा वास आयुष्यात पहिल्यांदा स्नेहलला नकोसा झाला. तिला वाटत होतं, ती फसवली गेली. फसवली गेली नव्हती. ती दिली गेली होती, सगळं बघून, समजून, मापून. ती त्याच दिवशी परत फिरली. पतिव्रता म्हणून फिरली असं कुणी समजू नये. त्या घरात निदान एक माणूस असा होता जो तिच्याइतकाच फसला होता.

मग दोघांनी मिळून रात्रीशी लढायला सुरुवात केली. स्नेहलनं लोखंडी पलंग ओढत अंगणात काढला आणि जमिनीवर गादी टाकली, म्हणजे पडायची भीती नको. रतनबाई धावल्या. "नव्या जोडप्याचा पलंग भाईर? लोक काय म्हणतील?" स्नेहल रात्री बांगड्या काढून खिडकीत ठेवायला लागली. यावरून तर घर डोक्यावर घेतलं गेलं.

"नवरा जित्ता असताना हात मोकळं? कुटं शिकलीस हे?"

"नवरा जित्ता ऱ्हावा म्हणूनच काढते, आत्या."

ती त्याच्या मनगटावर हात ठेवून झोपायची. त्याची नस जरा आवळली तरी जागी व्हायची. बाळाची आई झोपते तशी अर्धी झोप. एका दुपारी ती त्याला तळेगावच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई बोलायला फटकळ होत्या. गोळी एक दिवस चुकवायची नाही. अचानक बंद केली तर आजार पहिल्यापेक्षा जोरात उसळतो. जागरण नको. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काही घालू नका. थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर घरी एक क्षणही बसू नका.

"आणि चप्पल हुंगवली तर?" स्नेहलनं विचारलं.

"चप्पल पायात घाला आणि लवकर इकडं या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या दिवशी दोघं लग्नानंतर पहिल्यांदा हसले, तेही दवाखान्याच्या जिन्यात.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पिठाच्या डब्यामागं लपवून. पण जागरणाचं काय? कंपनीत हल्ली आठवडा आठवडा रात्रपाळी लागत होती. ती सोडायची तर साहेबाला कारण सांगावं लागणार, आणि कारण म्हणजे 'रातचं'. सत्यम म्हणायचा, "पुढच्या म्हयन्यात सांगतो." हा पुढचा महिना कधी उगवत नव्हता. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसा झोपे, आणि दिवसा झोपेत अंग ताठायला लागे. रोगाला घड्याळ कळत नाही, झोप कळते. रतनबाईंनी रातचं रातच्याला ठेवायचं ठरवलं होतं; रोगाला ते कुणी कळवलं नव्हतं.

आणि दर संध्याकाळी पणतीनंतर चप्पल येतच होती. स्नेहल ती काढून बाहेर ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उशाखाली.

भातकापणी उरकली, इंद्रायणी भाताची पोती मागच्या खोलीत लागली, आणि अपेक्षाला स्थळ आलं. अपेक्षा सत्यमची धाकटी बहीण. तळेगावला कॉलेज केलेली, हसरी, भावजयीच्या ताटात जेवणारी. स्थळ सोमाटण्याचं. मुलगा माऊली, बाप केरबा, रस्त्याला लागून जागा, दारात गाडी. जुळवणारा कोण? भिमाजीमामा.

पाहुणे येणार म्हणून घर सारवलं, पडदे बदलले. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी स्नेहलनं पिठाच्या डब्यामागं हात घातला तर हाताला काहीच लागेना. गोळ्यांच्या पट्ट्या तिला परसातल्या उकिरड्यावर सापडल्या. शेणात माखलेल्या, फोडलेल्या. एक कोंबडी त्यात टोचा मारत होती.

"आत्या, ह्या कुणी टाकल्या?"

"म्या." रतनबाई शेवया निवडत होत्या. त्यांचा हातही थांबला नाही. "पाव्हण्यांच्या बाया सांदीकोपरा हुडकत्यात. गोळी दिसली की लगीच कळतंय, घराण्यात हाय म्हणून. पोरीचं जमंल का मग? चार दिस न्हाई खाल्ली म्हणून कोण मरत न्हाई."

"त्याच्यामुळंच मरतं माणूस. डॉक्टरनं सांगितलंय."

"डाक्टरला काय पोरगी उजवायची हाय?"

आणि सत्यम? डोळे तांबारलेले, रात्रपाळीची बस पकडायच्या गडबडीत, तोही म्हणाला, "असूंदे गं. अपेक्षाचं जमूंदे. पाव्हणे गेले की आणू." ज्याच्या डोक्यात वीज कडाडते त्यालाही बहिणीच्या लग्नापुढं डोकं स्वस्त वाटलं. हीच तर या रीतीची करणी. माणसाला दाबायला तिला बाहेरचं कुणी लागत नाही. आजारी माणूसच आपल्या उशाखाली चप्पल सरकवून घेतो.

रविवारी सकाळी सत्यम कामावरून आला. त्याला मागच्या खोलीत भाताच्या पोत्यांमध्ये गोधडी अंथरून दिली. "पुढं गडबड असंल, हितं निवांत नीज," असं म्हणत रतनबाईंनी बाहेरून कडी घातली. या दाराला कडी होती.

पाहुणे आले. पांढरी गाडी अंगणात लागली. बैठकीत केरबा, त्यांची बायको, मुलगा माऊली आणि मधोमध जुळवणारा भिमाजी. अपेक्षा पदर घेऊन, खाली मान घालून पाटावर बसली. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, वावरात जातेस का? तिनं भाकरीसारखं उलटं-पालटं होऊन सगळी उत्तरं दिली.

केरबांच्या बायकोनं पोह्याची ताटली खाली ठेवून सहज विचारलं, "घरात कुनाला आजारबिजार?"

"देवाच्या दयेनं समदी धडधाकट," सोपानराव म्हणाले. "आन आपल्या मुलाचं?"

"हिऱ्यावानी हाय," केरबा म्हणाले. "दारू न्हाई, तंबाकू न्हाई."

स्वयंपाकघरात पोहे परतणाऱ्या स्नेहलच्या हातातलं उलथनं क्षणभर थांबलं. हे वाक्य तिनं आधी कुठंतरी ऐकलं होतं. पण कुठं, ते आठवायला वेळ मिळाला नाही. मागच्या खोलीतून तो आवाज आला.

रतनबाईंनी तो तिच्याआधी ऐकला असावा. त्यांनी झटकन मिक्सरचं बटण दाबलं. भांड्यात काहीच नव्हतं. रिकामं पातं घरभर किंचाळायला लागलं.

"चटणी वाटतीय," त्या बैठकीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, आणि सुनेकडं बघून दात आवळले. "जाशील तर बघ."

स्नेहल गेली. कडी काढली. सत्यम पोत्यांच्या फटीत पालथा पडला होता, नाक पोत्यात रुतलेलं, ओठ निळसर. तिनं त्याला ओढून कुशीवर घेतलं, गोधडीची घडी डोक्याखाली सारली. आचके थांबले. ती वाट बघत होती, आता घोरेल, आता डोळे उघडेल. त्यानं डोळे उघडले नाहीत. अंग पुन्हा ताठलं.

ती उठून माजघरात आली. सोपानराव बैठकीतून उठून तिथं आले होते. पाहुण्यांसाठी चढवलेलं हसू अजून चेहऱ्यावर तसंच होतं. ते उतरवायलाही त्यांना सवड झाली नव्हती.

"आबा, दुसरी आली. थांबत न्हाई. गाडी पायजे."

"पाव्हणे जाऊंदेत," ते हसऱ्या तोंडानं पुटपुटले. "आता उठतीलच."

"तवर ह्यांचा जीव जाईल."

"हळू बोल!"

रतनबाई आल्या. त्यांनी चप्पल आणली होती. ती सुनेच्या हातात कोंबली. "हुंगव आन गप बस. पोरीचं वाटोळं करू नको."

स्नेहलनं हातातल्या चपलेकडं बघितलं. तेल प्यालेली, काळी, त्याच्या लाळेचे वाळलेले ओघळ असलेली. किती वर्षं हे त्याच्या तोंडावर दाबत आले होते, आणि तोच हात धुवून देवापुढं निरांजन फिरवत होते. तिला शिसारी आली. सासूची, सासऱ्याची, आईची, आणि आजवर ही चप्पल गुपचूप बाहेर ठेवून गप्प बसलेल्या आपल्या स्वतःचीही.

ती बैठकीत गेली. पोह्यांच्या ताटल्यांमध्ये, सतरंजीवर तिनं ती चप्पल ठेवली. फेकली नाही, पान वाढावं तशी नीट ठेवली.

"केरबाभाऊ, तुमची गाडी पायजे. माझ्या नवऱ्याला फिट आलीय. थांबत न्हाई. आतल्या खोलीत कोंडून ठिवलाय त्याला, तुमाला दिसू नये म्हणून."

मिक्सर अजून किंचाळत होता.

भिमाजी पहिला सावरला. "आगं पित्त झालं आसंल. रातपाळीचा माणूस, जागरण—"

"पित्त नाही." अपेक्षानं पदर मागं टाकला. ती पाटावरून उठली. "दादाला फिट येते. मी लहान होते तेव्हापासून बघतेय. आणि मलापण गप्प बसायला शिकवलंय." ती आत पळाली आणि जाता जाता मिक्सरचं बटण बंद करून गेली.

माऊली उठला. त्याच्यामागं केरबा, गाडी काढायच्या घाईत दाराशी चपला सरकवून तसेच आत वळलेले. मागच्या खोलीत सत्यमचं अंग उसळत होतं. आणि तिथं एक गोष्ट घडली. केरबांनी आत पाऊल टाकलं, सत्यमला बघितलं, आणि विचार न करता पायातली उजवी चप्पल काढली. डावा हात पोराच्या जबड्याखाली गेला, उजव्या हातानं चप्पल नाकाशी नेली. सगळं एका झटक्यात. परत आत शिरताना चप्पल काढायची असते हेही ते विसरले होते. हे मात्र विसरले नव्हते. हात सरावलेला होता.

"बाबा, नको," माऊली म्हणाला. हळूच. खाली बघत.

स्नेहलनं दोघांकडं बघितलं. चप्पल खाली पडली. चौघांनी मिळून सत्यमला उचललं.

गाडी केरबांनी चालवली. मागं सत्यमचं डोकं माऊलीच्या मांडीवर, पाय अपेक्षाच्या, आणि मध्ये खाली गुडघ्यांवर बसलेली स्नेहल. कंपन्यांच्या रस्त्याला कंटेनरांची रांग लागली होती. केरबा हॉर्नवरून हात काढत नव्हते. माऊली सत्यमच्या तोंडातली लाळ आपल्या नव्या रुमालानं पुसत होता, मान वळवून धरत होता. ज्याच्यासाठी हे कुणीतरी कधीतरी केलेलं असतं, त्यालाच असं करता येतं.

दवाखान्यात सुई दिली, नळी लावली, दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं एक नर्स बाहेर आली. "थांबली. उशीर केला असता तर काही खरं नव्हतं. गोळी कुणी बंद केली?"

"घरच्यांनी," स्नेहल म्हणाली. ज्यांनी उत्तर द्यायला हवं होतं, ते अजून पोचले नव्हते.

माऊली समोरच्या बाकावर होता. अपेक्षा त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "कुणाला येते? तुम्हाला?"

त्यानं हो म्हणून मान हलवली. "झोपेत. लहानपणापासून."

"गोळी?"

"चालू हाय." तो ओशाळं हसला. "हळदीपर्यंत. मग बंद करायची म्हणत्यात, लग्नापुरती."

अपेक्षा हसली की रडली, ते तिलाच कळलं नाही.

तोवर सोपानराव, रतनबाई आणि भिमाजी दुचाकींवरून येऊन पोचले. रतनबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. पोरासाठी की मोडलेल्या सोयरिकीसाठी, देव जाणे. स्नेहल भिमाजीपुढं गेली.

"मामा, तुमाला दोन्हीकडचं ठाऊक व्हतं."

वाटेल की माणूस मान खाली घालील. भिमाजीनं पान थुंकायला जागा शोधली, नाही मिळाली तेव्हा गिळलं, आणि म्हणाला, "ठाऊक व्हतं म्हणून तर जुळवलं, पोरी. झाकल्याला झाकलेलं. उद्या भांडान झालं तर कोन कुनाला बोलनार? हिकडं बी रातचं, तिकडं बी रातचं. आशी सोयरीक टिकती."

गुण जुळवायला पंचांग लागतं. रोग जुळवायला भिमाजी पुरतो. आणि त्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या कुणालाही हे ऐकून धक्का बसला नाही. सोपानरावांनी केरबांकडं बघितलं, केरबांनी सोपानरावांकडं. दोघांच्या डोळ्यांत राग होता तो फसवल्याचा नव्हता. सापडल्याचा होता.

स्नेहलला खरोखरच ओकारी आली. ती मोरीपर्यंत पोचली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, नुसतं कडू पाणी पडलं. तोंड धुवून ती परत आली.

"मामा, आजाराची मला किळस आली न्हाई. त्याचं अंथरूण म्या कितीदा धुतलंय. तुमची येतीय."

अपेक्षा माऊलीशी बोलत होती. "आधी सांगितलं असतंत तर मी विचार केला असता. खरंच केला असता. माझ्या दादाला आहे, मला काय त्याचं भ्या? पण तुम्ही मला झोपेत गाठणार होतात." ती थांबली. "एक करा. हळदीला गोळी बंद करू नका. कुणाशीबी लग्न करा, पण तिला सांगून करा."

माऊलीनं मान डोलावली. तो पाळेल की नाही, कोण सांगणार? त्याच्या घरातही एक पणती लावणारी आई होती.

सोयरीक मोडली. गावात बोलवा झाला, पण कसा? सुनेनं नणंदेचं जमलेलं मोडलं. चारचौघांत चप्पल ठेवली म्हणे, केवढी मस्तवाल! पोराला कोंडला होता, त्याचं श्वास घेणं बंद पडत होतं, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आपल्याकडं रोग लपवणाऱ्याला अब्रूदार म्हणतात आणि दार उघडणारीला कुलबुडवी.

सत्यम दवाखान्यातून आला त्या संध्याकाळी रतनबाईंनी पणती लावली, हात जोडले, आणि सवयीनं दारातल्या चपलेकडं वाकल्या.

"आई, ऱ्हाऊंदे ती तितंच," सत्यम म्हणाला. आवाज अजून बसका होता. "उद्या मी कंपनीत सांगणार हाय. रातपाळी न्हाई जमायची म्हणून. काढलं तर काढलं."

"आन लोक?"

"लोकांना आजच सांगतो."

तो भिंतीचा आधार घेत बाहेर ओट्यावर येऊन बसला. स्नेहल पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांची पट्टी घेऊन आली. पिठाच्या डब्यामागून नाही. ती आता खिडकीत होती, तिच्या बांगड्यांशेजारी. शेजारची भागुबाई आपल्या दारात बसून लसूण सोलत होती. म्हातारी बाई, नजर तीक्ष्ण.

"कसली गोळी रं, सत्या?"

आतून रतनबाईंचा श्वास रोखलेला ऐकू आला.

"फिटची, मावशी. मला फिट येती. झोपेत."

भागुबाईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. तिनं लसणाचं सूप बाजूला सारलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माज्या थोरल्या जावंला बी व्हती. गंगूला. लगीन करून आनली तवा कुनालाच म्हाईत न्हवतं. पान्याला गेली आन हिरीत पडली. आमी समद्यांनी सांगितलं, पाय घसरला."

"तिला गोळी न्हवती, मावशी?" स्नेहलनं विचारलं.

भागुबाईनं नाही म्हणून मान हलवली.

"चप्पल व्हती," ती म्हणाली.

सत्यमनं गोळी जिभेवर ठेवली, उघड्या ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून, आणि वर पाणी प्यायला. स्नेहलनं दारातली ती चप्पल उचलली आणि परसात उकिरड्याकडं निघाली.

तुमच्या घरात आज अंथरुणं कोण घालणार आहे? त्यांच्या आधी जाऊन एकदा उशी उचलून बघा.